संघापूर्वीचा गिरणीकामगार

मुंबईतील पहिली कापसाची गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवास उभारावयास घेतली आणि १८५६ साली तिचे चक्र फिरू लागले. कामगारांनी वर्गणी भरून, सभासद होऊन, आपला म्हणून चालविलेला संघ या गिरण्यांत खऱ्या अर्थाने रुजला तो १९२६ साली ना. म. जोशी यांचा संघ व १९२८ साली गिरणी कामगार युनियन निघाल्यावर. मधली सत्तर वर्षे कामगारांच्या दोन-तीन पिढ्या संघावाचून राबल्या. पगार थोडा, दिवस लांब, दंड मनमानी, आणि गाऱ्हाणे घेऊन जावे असे दार एकही नाही. अशा स्थितीत तो मनुष्य करीत तरी काय असे? तो निमूटपणे सोशीत असे, हे उत्तर पुष्कळदा दिले जाते; पण ते अर्धेच खरे आहे. सोसण्याबरोबर तो आपल्या परीने बरेच उपायही योजीत असे. मात्र प्रत्येक उपायाची किंमत त्याला निराळी मोजावी लागे, आणि ती किंमत बहुधा त्याच्याच घरातून वसूल होई.

त्याची मुख्य अडचण पगाराच्या रीतीतच होती. पगार महिन्याचा, आणि महिना संपला म्हणजे तो हाती पडे असेही नाही. पुढच्या महिन्याचे दोन-दोन, तीन-तीन आठवडे उलटून जात, तेव्हा मागील महिन्याचे पैसे मिळत. म्हणजे कोणत्याही दिवशी पाहिले तरी महिना-दीड महिन्याची मेहनत मालकाच्या पेटीत अडकलेली. रागाच्या भरात कोणी काम टाकून चालता झाला, तर ते पैसे बुडालेच म्हणून समजावे. हिशेबाने पाहू गेल्यास कामगार हा मालकाचा सावकारच होता, आणि तोही बिनव्याजी. उलट स्वतःच्या पोटासाठी त्याला वाण्याकडे उधारी करावी लागे, आणि अडीअडचणीला कर्ज काढावे तर रुपयास दरमहा एक आणा हा व्याजाचा सर्रास दर. एक आणा ऐकावयास लहान वाटतो. पण बारा महिन्यांचा आकडा मांडला म्हणजे तो शेकडा पंचाहत्तर भरतो.

पगारातून कापण्याच्या वाटाही अनेक होत्या. एक दिवस कामावर न आल्यास खाडा. कित्येक गिरण्यांत तर ‘डबल खाडा’ असे, म्हणजे गैरहजेरी एका दिवसाची आणि कपात दोन दिवसांची. विणकराच्या हातून कापडात खोट राहिली, तर ते कापड त्याच्याच गळ्यात बांधून त्याची किंमत पगारातून वळती करून घेत. सूत मुळातच कच्चे असले आणि धागा क्षणोक्षणी तुटत असला, तरी दोष मागावर उभ्या असलेल्या माणसाचा. कापूस विकत घेणाऱ्याला किंवा सूत काढणाऱ्या खात्याला त्याबद्दल कोणी विचारीत नसे.

मग विचारावे तर कोणाला? व्यवस्थापक पारशी किंवा युरोपियन. खात्याचा मास्तर पुष्कळदा लँकेशायरहून आलेला. त्याला कामगाराची भाषा येत नसे आणि कामगाराला त्याची. या दोघांच्या मध्ये जो उभा असे तो मुकादम. गिरणीत त्याला जॉबर म्हणत. गिरणगावातील कामगारांचा विचार करावयाचा तर या एका माणसापाशी थोडे थांबल्यावाचून गत्यंतर नाही.

जॉबर हा कामगारांतूनच वर आलेला असे. माणसे कामावर घेणे, त्यांना काम शिकविणे, त्यांच्याकडून ते करवून घेणे, आणि नको असतील तेव्हा त्यांना काढून टाकणे, ही चारही कामे त्याच्याकडे. पहाटेचा भोंगा झाला की गिरणीच्या फाटकाशी बदलीवाल्यांची गर्दी जमे. कायम कामगार जितके गैरहजर, तितक्या बदलीवाल्यांना त्या दिवसापुरते काम. ती निवड जॉबरने करावयाची. त्याने बोट दाखविले तो आत गेला. बाकीचे उद्या पुन्हा यावयाचे म्हणून परत फिरले. या बोटाला दाम होता. नोकरी लागताना दस्तुरी, पुढे पगाराच्या दिवशी काही ना काही, सणाला आणखी काही. पुष्कळ जॉबर चाळीतील खोल्या भाड्याने घेऊन त्या आपल्या माणसांना देत, व्याजाने पैसे लावीत, कोणाचे दुकान असे, कोणाचा आखाड्याशी संबंध असे. ज्याच्याकडून नोकरी, त्याच्याकडूनच खोली, आणि त्याच्याकडूनच कर्ज. अशा माणसाविरुद्ध तक्रार ती काय करणार?

पण या व्यवहाराला दुसरी बाजू होती, आणि ती कामगारांना पक्की ठाऊक होती. जॉबरची किंमत त्याच्या माणसांवर असे. खात्यातील माग उभे राहिले, चात्या रिकाम्या फिरू लागल्या, म्हणजे मास्तर प्रथम जॉबरला धरी. ज्याला माणसे टिकविता येत नाहीत, असा जॉबर गिरणीला काय कामाचा? म्हणून त्यालाही एका मर्यादेपलीकडे ताणता येत नसे. कोणाच्या घरी आजारपण आले तर रजा मिळवून देणे, दंड झाला तर मास्तरापाशी रदबदली करणे, गावाहून आलेल्या भावाला चिकटवून घेणे, ही कामे त्याला करावीच लागत. न करणाऱ्या जॉबरच्या हाताखालून चार-दोन जण हळूच निघून शेजारच्या गिरणीत दुसऱ्या जॉबरकडे जात. गिरण्या एकमेकींना लागून होत्या आणि जॉबरांमध्ये परस्पर चुरस होती, म्हणून हे शक्य होई. यात सभा नव्हती, ठराव नव्हता, पण दबाव होता. तो दबाव ज्याला फारसा आणता येत नसे, तो म्हणजे कर्जात बुडालेला कामगार. आणि असे कामगार पुष्कळ होते.

दुसरा उपाय याहून मुकाट होता. विजेचे दिवे येण्यापूर्वी गिरणी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले; उन्हाळ्यात हा दिवस तेरा तासांवर जाई. १८८१ च्या कारखान्यांच्या कायद्याने मुलांपुरते तास बांधले, १८९१ च्या कायद्याने स्त्रियांना अकरा तासांची मर्यादा घातली. प्रौढ पुरुषाच्या दिवसाला मात्र १९११ च्या कायद्यापर्यंत मर्यादाच नव्हती. दिवस लहान करून मिळत नव्हता, तेव्हा कामगाराने तो आतून लहान केला. शेजाऱ्याला आपले यंत्र पाहावयास सांगून तो विडी ओढावयास बाहेर जाई, आवारातच भाकरी खाई, तेथेच हजामत करवून घेई. मालक याला आळस म्हणत, आणि १९०८ च्या सरकारी कमिशनपुढे या आळसाबद्दल पुष्कळ साक्षी झाल्या. परंतु त्याच मालकांनी हजेरीपटावर जादा माणसे ठेवलेली असत, हेही तेथेच बाहेर आले. तेरा तास अखंड उभे राहणे मनुष्यदेहाला साधत नाही, ही गोष्ट दोन्ही पक्षांनी न बोलता मान्य केली होती असाच याचा अर्थ होतो. मात्र जादा माणसे ठेवली म्हणून पगाराची एकूण रक्कम वाढत नसे. ती विश्रांती कामगार आपल्याच पगारातून विकत घेत होता.

तिसरा आधार गिरणीबाहेरचा, म्हणजे खाणावळीचा, वाण्याचा आणि गावाचा. गिरण्यांत सर्वांत मोठा भरणा त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातील माणसांचा. त्याखेरीज सातारा, पुणे, नगर या घाटावरील जिल्ह्यांचा. बहुतेक पुरुष एकटे राहत. एका गावची माणसे मिळून एक खोली घेत. त्यात पाळीपाळीने झोपत. नवा आलेला पोरगा प्रथम तेथेच उतरे, आणि काम लागेपर्यंत त्याच्या पोटाचा भार गाववाल्यांवर असे. गोव्याच्या लोकांचे मुंबईतील कूड याच जातीचे होत. जेवण खाणावळीत, आणि त्याचा हिशेब महिनाअखेर. काम सुटले, गिरणी बंद पडली, संप झाला, तरी खाणावळवाली ताट काढून घेत नसे, पैसे राहत. या उदारपणाचे ओझे तिच्या डोक्यावर व्याजाने बसे, हे मात्र कोणाच्या ध्यानी येत नसे. पुढे १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी दादरला अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि या खाणावळवाल्या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा संपकरी पुरुषांचा संप कोणाच्या जिवावर चालतो, ते प्रथम लोकांच्या नजरेस आले.

आणि शेवटचा आसरा गाव. शिमग्याला, गणपतीला, वैशाखात लग्नसराईला माणसे गावी जात. आजारी पडली की गावी जात. भांडण झाले तरी गावी जात. शेताचा तुकडा लहान असला, तरी दोन महिने तग धरण्यापुरता तो पुरे पडे. मालक म्हणत, ही माणसे गिरणीत मन लावून राहत नाहीत. कामगाराच्या बाजूने पाहिले तर गाव हाच त्याचा विमा होता, आणि त्याचा हप्ता मनिऑर्डरीने दरमहा भरला जात होता.

स्त्रियांची गोष्ट निराळी सांगितली पाहिजे. कांड्या भरण्याच्या आणि लडी करण्याच्या खात्यांत बहुतेक स्त्रिया असत. त्यांच्यावर नायकीण असे, आणि तिचे अधिकार जॉबरसारखेच. मजुरी कामावर, म्हणजे जितके सूत भरले तितके पैसे. घरी तान्हे मूल असले तर त्याला दूध पाजावयास उठावे तेवढी मजुरी बुडे. घरी ठेवावे तर पाहावयास कोणी नाही. या अडचणीवर सापडलेला उपाय म्हणजे बाळगोळी. तीत अफू असे. सकाळी गोळी दिली की मूल गुंगीत पडून राही आणि आईला दिवसभर काम करता येई. १९२२ च्या सुमारास सरकारने या स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करण्यास एका स्त्री-डॉक्टरची नेमणूक केली, तेव्हा गिरणीत जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक आईच्या मुलाला ही गोळी मिळत असल्याचे दिसून आले. बाळंतपणाच्या भत्त्याचा मुंबई इलाख्याचा कायदा १९२९ साली झाला. तोपर्यंत नोकरी, मूल आणि भाकरी यांचा मेळ त्या बाईने एकटीने बसवावयाचा होता, आणि तो असा बसविला जात होता. त्या आईला कोणी निर्दय म्हणू नये. तिच्यापुढे दुसरी वाट कोणी ठेवली नव्हती.

वर सांगितलेले सर्व उपाय एकेकट्याचे, फार तर एका खोलीचे किंवा एका गावाचे. एखाद्या माणसाचा दंड त्यांनी माफ होई, एखाद्याला रजा मिळे. परंतु पगार केव्हा मिळावा, दिवस किती तासांचा असावा, आठवड्यातून सुटी असावी की नसावी, या गोष्टी त्यांच्या आवाक्याबाहेरच्या होत्या. जॉबरची कितीही मनधरणी केली, तरी रविवार देणे त्याच्या हाती नव्हते. येथे नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव येते. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजातील हे गृहस्थ पूर्वी स्वतः एका गिरणीत भांडारावर नोकरीस होते. १८८० पासून ते ‘दीनबंधु’ पत्र मुंबईहून चालवीत. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळ भागात कामगारांच्या सभा भरविल्या व साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातील मागण्या आज वाचल्या तर नवल वाटते, इतक्या त्या साध्या आहेत. रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद व्हावे, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा, आणि यंत्रात सापडून जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा. पगाराची वाढ त्यात मागितलेलीच नाही.

या अर्जाने लगेच काही झाले नाही. पुन्हा अर्ज गेले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सभा झाली. तीस सुमारे दहा हजार कामगार आले होते, आणि दोन स्त्री-कामगार तीत बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या मंडळाने रविवारची सुटी मान्य केली. पुढल्या वर्षीच्या कायद्याने आठवड्याच्या सुटीवर शिक्कामोर्तब झाले. लोखंडे यांच्या या संस्थेला ‘बाँबे मिल हँड्स असोसिएशन’ म्हणत. सरकारी अहवालात तिच्याविषयी लिहिले गेले ते असे की, तिला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत. लोखंडे हे जो कोणी कामगार येईल त्याला सल्ला देतात इतकेच. लिहिणाऱ्याने हे कमीपणा दाखविण्यासाठी लिहिले असेल, पण ज्याला अर्ज लिहिता येत नाही त्याला लिहून देणारा मनुष्य भेटणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

लोखंडे १८९७ साली वारले. त्याच्या आदल्या वर्षी सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचा पहिला रोगी सापडला होता, आणि त्या हिवाळ्यात अर्धे शहर पळाले. गिरण्यांना माणसे मिळेनात. तेव्हा मागे राहिलेल्या कामगारांनी कोणाच्याही पुढारीपणाखेरीज एक अट घातली: संध्याकाळी रोख मजुरी. ज्या मालकांना पंधरा तारखेच्या आत पगार देणे अशक्य वाटत होते, त्यांना रोजच्या रोज देणे शक्य झाले. नाक्यानाक्यावर माणसांसाठी मालकांच्या लोकांची चढाओढ लागली. प्लेग ओसरला, माणसे परतली, आणि रोजचा पगार पुन्हा महिन्याचा झाला. साथीने दिलेले साथीबरोबर गेले.

संपही होत असत. एका खात्यात चार-पाच दिवस काम बंद पडावे, जॉबरने मध्यस्थी करावी किंवा तोच पुढारी असावा, आणि मग मिटावे, असे त्यांचे स्वरूप. १९०५ साली विजेच्या दिव्यांमुळे दिवस पंधरा तासांपर्यंत लांबविला गेला, तेव्हा गिरणगावात मोठी खळबळ झाली. २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. जानेवारी १९१९ मध्ये महागाईच्या पायी एक लाखाहून अधिक माणसे कामावरून उठली. या कोणत्याही वेळी संघ नव्हता. म्हणजे कामगारांना एकत्र उठता येत होते. पण उठल्यावर बोलावयास कोणी नाही, मिळालेले टिकवावयास कोणी नाही, आणि मागे परतल्यावर पुढे दिसलेल्या माणसाला फाटकाशी अडविले, तर त्याच्या बाजूने उभे राहावयास कोणी नाही, ही उणीव प्रत्येक वेळी राही.

१९२८ च्या सहा महिन्यांच्या संपानंतरच्या काळात कायद्याने काही गोष्टी केल्या. १९३१ साली रॉयल कमिशनने सांगितले की, माणसे घेण्याचा व काढण्याचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा. १९३५ साली बदलीवाल्यांना कार्डे देण्याची पद्धत सुरू झाली. १९३६ च्या पगार-वाटपाच्या कायद्याने पगाराची तारीख बांधली, दंडाला रुपयामागे अर्ध्या आण्याची मर्यादा घातली, आणि गैरहजेरीची कपात गैरहजेरीपुरतीच राहील असे ठरविले. डबल खाडा त्यामुळे बेकायदा झाला. पण त्याच कायद्यात एक अपवाद होता, आणि तो मोठा बोलका होता. दहा किंवा अधिक माणसे संगनमताने नोटिशीवाचून कामावर आली नाहीत, तर त्यांचा आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येई. एकटा गैरहजर राहिला तर एक दिवस. दहा जण मिळून राहिले तर आठ.

गिरण्या आता राहिल्या नाहीत. १९८२ च्या संपानंतर त्या एकेक करून बंद पडत गेल्या, आणि लोअर परळला त्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे आहेत. परंतु खाडा हा शब्द गेला नाही, आणि मुकादमही गेला नाही. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारी जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन साखर कारखान्यांच्या प्रदेशात जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. एक दिवस कोयता चालला नाही की खाडा पडतो आणि तो उचलीच्या हिशेबात धरला जातो. दुखणे असो, विटाळ असो, बाळंतपण जवळ आलेले असो, खाड्याला त्याचे सोयरसुतक नसते. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांत गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया फार होत असल्याचा बोभाटा झाला, आणि राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. पाळीचे दुखणे गेले म्हणजे खाडे चुकतील, हा हिशेब त्यामागे कित्येकींनी सांगितला. शस्त्रक्रियेला लागलेले पैसे कित्येक जणींनी मुकादमाकडूनच उचल म्हणून घेतले होते.